मोठी हाक

"दुपारी चार?"

"एकशे बेचाळीस पॉइंट सहा. लिहिलंत?" धरणावरच्या बाई खोकल्या. "घसा पार बसलाय बघा माझा."

मुख्य कार्यालयात कंप्युटरची लाइन सांभाळणाऱ्या लाइनवाल्याने आकडा लिहिला. धरणातल्या पाण्याच्या पातळीची फाईल त्या लाइनीवरून येईनाशी झाल्यापासून बाई रोज सकाळी आदल्या दिवसाचे चोवीस तासांचे चोवीस आकडे त्याला फोनवर वाचून दाखवत. मधूनमधून बोलणंही होई. बाईंच्या सुनेचा अबोला, याचा एकट्यापुरता केलेला आणि तरी उरणारा भात. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. ऑफिसात लाइन बंद पडली की सगळे त्याच्या नावाने ओरडत; चालू असली की कुत्रंही विचारत नसे.

बिघाड मोठा चमत्कारिक होता. लाइनीवर पिंग मारायचं, म्हणजे हाक मारून बघायची. छोट्या हाकेला लगेच ओ यायची, मोठीला सामसूम. फाईल मोठी, म्हणून तीही अडायची. सगळ्यांनी जुन्या तारेच्या नावाने बोटं मोडली. यानेही मोडली. पण मंगळवारी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तार ठणठणीत होती, फक्त संथ होती. मोठ्या हाकेला ओ यायला अडीच सेकंद लागत आणि इथलं मशीन दोन सेकंदांतच नाद सोडून देई. दोनाच्या जागी पाच लिहिलं की काम झालं. त्याने लिहिलं नाही. बुधवारी लिहू म्हणाला, मग गुरुवारी.

आज शनिवार होता.

"संध्याकाळी पाच," बाईंनी सुरुवात केली आणि पुढे आवाजच फुटेना. पाणी पिऊन त्या परत फोनवर आल्या. त्याला स्वतःची लाज वाटली.

"राहू द्या बाई." त्याने मशीनमध्ये पाच लिहिलं. "फाईल पाठवा. येईल आता."

"अगंबाई, सापडलं? काय होतं हो?"

त्याने सांगितलं.

"एवढंच होय! कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणाला असता तर कोण तपासायला येणार होतं?

"मंगळवारी."

तो कानाला फोन लावून बसून राहिला.

"बरं," बाई म्हणाल्या. "पाठवते." आणि फोन ठेवला.

फाईल आली. चोवीस आकडे, एकही चूक नाही. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तिथे काही लिहिलंय का, ते त्याने दोनदा पाहिलं. रकाना कोरा होता.