विमान कोणाकडे?

मित्रांनो, मला हात लावायचा असेल तर खुशाल लावा, फक्त आधी तोंडाने सांगा. तेवढी एकच अट आहे माझी. मी एका छोट्या विमानाचे जुने सुकाणू आहे, तेही उजवीकडचे. आता ते विमान राहिलेले नाही. वैमानिक घडवणाऱ्या एका शाळेत, वर्गाच्या कोपऱ्यात, लाकडी फळीवर मला बसवले आहे. माझे एक टोक वाकले आहे आणि मुठीवरचे रबर फाटले आहे.

मोटारीच्या स्टिअरिंगचा वरचा भाग कापून टाकला तर जे उरेल, तसा माझा आकार. मला मागे ओढले की विमानाचे नाक वर जाते, पुढे ढकलले की खाली. डावीकडे माझे जुळे भावंड होते. कारखान्यातच आम्हा दोघांना पायाखालच्या एका दांड्याने जोडले होते. ते हलले की मीही हलत असे. त्याच्यावर कोणी नुसता हात टेकवला तरी माझ्या अंगाला कळे.

डावीकडे कप्तान बसतात, उजवीकडे त्यांचा जोडीदार, म्हणजे सहवैमानिक. तुम्हाला वाटेल, दोघे मिळून विमान उडवतात. अजिबात नाही! एका वेळी एकानेच उडवायचे. दुसऱ्याने रेडिओवर बोलायचे, उंची आणि वेग डोळ्यांत तेल घालून बघायचे, आणि चुकले की टोकायचे. जाताना एकाने उडवायचे, येताना दुसऱ्याने. अदलाबदल करताना मात्र मोठ्याने बोलायचे. "विमान तुझ्याकडे," एकाने म्हणायचे. "विमान माझ्याकडे," दुसऱ्याने म्हणायचे. ते ऐकू आल्यावरच पहिल्याने हात सोडायचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. विमानाचा असा पाहुणा होऊ नये म्हणून हा रिवाज आहे.

आमचे विमान एकाच मालकाचे होते. मऊ खुर्च्या, मध्ये एक पातळ पडदा आणि पुढे आम्ही. मोठ्या कंपन्यांत प्रत्येक कामाला वेगळी माणसे असतात. इथे सहवैमानिकच मालकांच्या बॅगा चढवी, खुर्च्या पुसी, कॉफीचा थर्मास भरी, संडासही धुई, आणि मग हात स्वच्छ करून माझ्यासमोर येऊन बसे. असे बरेच हात आले आणि गेले. मग एक दिवस भाची आली.

आमचे कप्तान तिचे सख्खे मामा. त्यामुळे विमान दुरुस्त करणारे मेकॅनिक तिला पाठीमागे 'वशिल्याचं तट्टू' म्हणत. तिला ते ऐकू जाई. ती खुर्च्या पुसत राही. तिचा हात लहान होता आणि पकड हलकी. मला आवळून धरणारे हात कधीच आवडले नाहीत, म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून आवडली.

"हे बघ, इथं मी तुझा मामा नाही," कप्तान म्हणाले. "मी चुकलो तर सरळ टोकायचं. कळलं?"

"हो मामा," ती म्हणाली.

मामांनी कपाळावर हात मारून घेतला.

पण टोकण्यात ती पक्की निघाली. मामा उडवत असले की तिचे डोळे उंची-वेगाच्या काट्यांवरून हलत नसत. "मामा, वेग कमी होतोय." "मामा, उंची." मामा "आहे, आहे लक्षात" असे पुटपुटत आणि निमूटपणे दुरुस्त करत.

अडचण एकच होती. "मी बसलेलो असताना मोठ्यांनीच उडवायचं," असा मालकांचा हुकूम होता. "तुमची शिकवणी रिकाम्या विमानात घ्या." त्यामुळे मालकांना सोडून विमान रिकामे परत आणायचे असेल, तेव्हाच मी भाचीच्या वाट्याला येई. अशा फेऱ्या फार थोड्या. नुसते शेजारी बसून कोणी कप्तान होत नाही; विमान पुन्हा पुन्हा आपल्या हातांनी उतरवावे लागते. मामांची निवृत्ती जवळ आली होती. आपली डावी खुर्ची भाचीलाच मिळेल, असा शब्द त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, दिला होता.

म्हणून मामांनी एक युक्ती काढली.

"पडद्याआडून सगळं ऐकू जातं त्यांना," ते म्हणाले. "आपण बोलायचंच नाही. मी हात काढला की तू घे. मी हात ठेवला की सोड."

"पण मामा, बोलायचं असतं ना?"

"अगं, घरच्या माणसांना काय बोलून दाखवायचं! मला कळतं, तुला कळतं. झालं."

तिने मान डोलावली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही. पण मित्रांनो, मामांचे मन स्वच्छ होते, हे मी आजही सांगेन. त्यांना भाचीचे भले करायचे होते.

युक्ती चांगली चालली. उतरल्यावर मालक मामांचा खांदा थोपटत आणि म्हणत, "वा! लोण्यासारखं उतरवलंत!" मामा मान झुकवत. मालकांची गाडी फाटकाबाहेर पडली की मामा-भाची पोट धरधरून हसत. मालकांना मामा बनवण्यात मामा पटाईत झाले होते.

एक गोष्ट मात्र मला खटके. भाची उडवत असे तेव्हा बघण्याचे काम मामांचे. पण जन्मभर ज्याने उडवले, त्याला बघत बसणे कमीपणाचे वाटते. मामा खिडकीबाहेर बघत, मांडीवर बोटे वाजवत. मामा चुकले तर टोकायला भाची होती. भाची चुकली तर टोकायला कोणी नव्हते.

त्या सकाळी धुके होते. मालक मागे बसले होते आणि विमान भाचीकडे होते. असे धुके असले की विमान एका ठरलेल्या उंचीपर्यंतच खाली आणायचे. तिथून धावपट्टी दिसली तर उतरायचे, नाही दिसली तर इंजिनांना जोर देऊन पुन्हा वर जायचे. ती उंची आली, हे सांगायचे काम बघणाऱ्याचे, म्हणजे मामांचे.

"दिसतंय का हो काही?" पडद्यामागून मालकांचा आवाज आला. "माझी माणसं खोळंबलीयेत. आज उगाच वर जाऊ नका."

मामा पुढे वाकले. काचेला नाक लावून ते धावपट्टीचे दिवे शोधू लागले. वाकताना आधाराला म्हणून त्यांनी माझ्या भावंडावर हात ठेवला.

नुसता आधाराला. त्यात ओढ नव्हती, जोर नव्हता. पण तो स्पर्श माझ्यातून भाचीच्या तळव्यात गेला. मामांनी घेतले, असे तिला वाटले. रोजच्या सवयीप्रमाणे तिने हात सोडला.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यावर कोणाचाच हात नव्हता, आणि माझ्या भावंडावर होता तो विमान उडवत नव्हता. नाक हळूहळू खाली जाऊ लागले. मला ते कळत होते आणि मला तोंड नव्हते.

हात सोडताच भाचीची नजर सवयीने काट्यांकडे गेली. "मामा, उंची!" ती ओरडली. "वर घ्या!"

"अगं, घे ना!" मामा ओरडले.

"तुम्ही घ्या!"

मग दोघांनी एकदमच ओढले. इतक्या वर्षांत ते दोघे पहिल्यांदाच एका वेळी विमान उडवत होते. धुक्यातून झाडे वर आली.

मामा तिथेच गेले. मालकांचे दोन्ही पाय मोडले. माझ्यावर असलेला भाचीचा उजवा हात मनगटातून मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. चौकशीत मालक म्हणाले, "मी तर बजावलं होतं, मोठ्यांनीच उडवायचं." ते खोटे बोलले नाहीत, म्हणून मला त्यांचा जास्त राग येतो.

पुढचे मी पाहिलेले नाही. भाची दर वर्षी नव्या वर्गाला सांगते, तेव्हा ऐकले आहे. मामी दवाखान्यात आल्या. खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मी कोणाला सांगणार नाही. फक्त मला खरं सांग. विमान कोणाकडे होतं? यांच्याकडे की तुझ्याकडे?"

"कोणाकडेच नव्हतं, मामी."

मामींनी हात काढून घेतला. त्या आजतागायत तिच्याशी बोललेल्या नाहीत. भाचीची आई भावाच्या घरी जाते. मामी तिला पाणी देतात, समोर बसतात, आणि दोघी काही न बोलता उठतात.

भाची आता उडवत नाही, शिकवते. ती प्रत्येक विद्यार्थ्याला माझ्यावर हात ठेवायला लावते आणि मोठ्याने म्हणायला लावते, "विमान माझ्याकडे." काही जण खुदकन हसतात. ती रागावत नाही. "पुन्हा म्हण," एवढेच सांगते.

मित्रांनो, परक्या माणसाला आपण सगळे नीट समजावून सांगतो. जवळच्या माणसाला मात्र 'त्याला कळतंच' म्हणून काही सांगत नाही. काही हातात घेतलेत तर सांगा. सोडलेत तर सांगा. समोरचा 'हो' म्हणेपर्यंत थांबा. तो मामा असो, आई असो, कोणीही असो.

वर्ग रिकामा झाला की भाची कधी कधी एकटीच माझ्याजवळ येते. वाकडा हात माझ्या फाटक्या मुठीवर ठेवते आणि हळूच म्हणते, "विमान माझ्याकडे, मामा." मग उत्तराची वाट बघत उभी राहते. माझ्या डावीकडे नुसती फळी आहे. भावंड भंगारात गेले. मला बोलता येत नाही, आणि उत्तर आल्याशिवाय हात सोडायचा नाही हे तिनेच सगळ्यांना शिकवले आहे, त्यामुळे ती बराच वेळ तशीच उभी असते.