रापण सोडली त्या दिवशी

माझ्या मास्तरकीत शाळा तपासायला आलेले एकच डिपोटीसाहेब माझ्यावर मनापासून खूष होऊन गेले, आणि त्यांच्या खुशीने माझी शाळा बुडाली. त्याला आता नऊ वर्षं झाली. बायको म्हणते, किती दिवस तेच उगाळत बसणार? तिचं बरोबर आहे, पण जीव खातं ते खातंच.

एकोणतीस सालची गोष्ट. जयगडच्या खाडीपासून कोसभरावर खारव्यांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची, एक वाडी आहे. मी मूळचा खेडचा. तिथे मास्तर म्हणून गेलो तेव्हा सुकटीच्या वासाने मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. वाडीतली पोरं आधी टेकडीवरच्या गावात शाळेला जायची. तिथे त्यांना पडवीत बसवत, का तर अंगाला मासळीचा वास येतो. पडवीतून फळा दिसत नाही. एकेक करून सगळी घरी बसली.

मग वाडीने स्वतःची शाळा काढायची ठरवली. गंगाराम तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, पुढे झाला. मासळीचे व्यापारी दाजीशेट यांनी लाकूड दिलं, मुंबईला गोदीत कामाला असलेल्या वाडीकरांनी पाट्या पाठवल्या, बायकांनी झावळं विणून छप्पर शाकारलं, आणि दर रापणीतला एक वाटा शाळेचा ठरला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात गोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर अख्ख्या वाडीने, बायापोरांसकट, ओढायचे. एकदा दोर धरला की जाळं वाळूवर येईपर्यंत सोडायचा नाही, असा तिथला कायदा. सोडला त्या घराचा वाटा गेला.

माझी घंटा लाटांच्या आवाजात ऐकू जात नसे. म्हणून मी शाळेसमोरच्या काठीवर माझा पांढरा पंचा चढवायचो. पंचा दिसला की पोरं यायची. रापण लागलेली असली तर मी पंचा उशिरा चढवायचो. शाळा घड्याळावर नव्हे, समुद्रावर चालायची, आणि तीन वर्षं झकास चालली. गंगारामची गुणवंती तर अकराव्या वर्षी वाडीभरच्या बायकांना मुंबईची पत्रं वाचून दाखवायची. नवऱ्याने न लिहिलेल्या दोन गोड ओळी ती पदरच्या घालायची, हे मला माहीत होतं. मी कधी हटकलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर तपासणी आली. पंचवीस पोरं हजर दिसली नाहीत तर सरकारी मदत बंद, म्हणजे शाळाच बंद. मी गंगारामला बजावून सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, धा वाजता पोरां तुमच्या समोर बसलेली असतील. माझा सबूद हाय."

आणि नेमका तपासणीच्याच पहाटे बांगडा किनाऱ्याला लागला. साडेआठला मी बाहेर येऊन पाहतो तर सगळी वाडी दोरावर. मी पंचा चढवला. कुणी हललं नाही. उतरवून पुन्हा चढवला. एकही पोर दोर सोडीना. माझं डोकं फिरलं. मासळी दिसली की हे लोक देवाला विसरतील तिथे मास्तर कोण, असं मी मनात म्हणालो. तीन वर्षं ज्यांच्या घरचं कालवण खाल्लं, त्यांच्याविषयी हे मनात यायला मला क्षणभरही लागला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

मी धावत टेकडी चढलो. वरच्या शाळेचे आप्पा मास्तर माझे मेव्हणे. त्यांच्याकडून तीस पोरं उसनी घेतली आणि खाली आणून रांगेने बसवली. प्रत्येकाला माझ्या हजेरीतलं एकेक नाव पाठ करायला लावलं. काशी नावाच्या एका चुणचुणीत मुलीला मी गुणवंती केलं.

दहाला डिपोटीसाहेब आले. हजेरी सुरू झाली. पाचसहा नावं झाली असतील तोच दारात सावल्या पडल्या. माझी पोरं आली होती. धावत आलेली, अंगावर वाळू, परकर गुडघ्यापर्यंत ओले. पुढे गुणवंती. कोपऱ्यात हातपाय धुऊन आत येणार, तेवढ्यात मी पुढचं नाव वाचलं.

"गुणवंती गंगाराम."

"हजर," काशी म्हणाली.

गुणवंती उंबऱ्याशीच थांबली. तिने काशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साहेबांनी विचारलं, "ही कोण मुलं?"

तेव्हासुद्धा खरं सांगता आलं असतं. फार तर नोकरी गेली असती. मी म्हणालो, "वाडीतली आहेत साहेब. शाळेत येत नाहीत. गंमत बघायला आलीत." आणि मी हाताने त्यांना हुसकावलं.

उसनी पोरं फडाफडा बोलली. साहेब खूष. पंधरा दिवसांनी त्यांचा शेरा आला. वाडीतली मुलं इतकी तयार आहेत की ती वरच्या शाळेत सहज सामावतील, तेव्हा वेगळ्या शाळेची गरज उरलेली नाही. मला शाबासकी आणि खेडला बदली.

त्या सकाळी किनाऱ्यावर काय झालं ते मला गुणवंतीच्या आईने, भागूबाईने सांगितलं. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा. गंगाराम घरात असून बाहेर आला नाही.

"तुमचा पंचा बगितला आमी," ती म्हणाली. "पन जाळं भरलेलं, वढता वढवंना. पोरांनी दोर सोडला असता तर घराघराचा वाटा गेला असता, म्हनून ह्यांनी रापणच सोडली. सगळा बांगडा परत दर्यात. वाडी कायबी बोलली नाय. म्हनाली, साळा ऱ्हायली म्हंजे झालं."

वाडीने सोडून दिलेली रापण मी जन्मात ऐकली नव्हती. मी कसंबसं म्हटलं, "गुणवंतीचं नाव वरच्या शाळेत घालतो. मी स्वतः आप्पांना सांगतो, तिला आत बसवतील."

गुणवंती चुलीपाशी मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

"नको मास्तर," ती म्हणाली. "तिथं गुणवंती हाय."

मी तिला समजावलं, की ती काशी होती, ते एका दिवसापुरतं होतं, चूक माझी होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग हात धुतले, पाटी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. नव्या शाळेत कुणाला तरी द्या, म्हणाली. भागूबाईने तिला दटावलं नाही.

पाटी मी घेतली. घ्यायला नको होती.