कोकिळाबाईंचे शुद्धलेखन

"लाल शाईनं कर रे नंदकुमार. हे पेन्सिलीचं मला दिसत नाही."

कोकिळाबाईंनी वही दिव्याखाली धरली, डोळ्यांपासून लांब नेली, पुन्हा जवळ आणली. पानावर पाच-सहा ठिकाणी पेन्सिलीच्या पुसट खुणा होत्या. इतक्या पुसट, की नंदकुमारने त्या करता करताच माफी मागितली असावी. वीस वर्षांपूर्वी याच खोलीत कोकिळाबाईंनी त्याला पहिलीत बसवून मुळाक्षरे गिरवून घेतली होती. आता तो हिंदी शाळेत मास्तर होता, आणि संध्याकाळी साडेपाच ते सात या मराठी शाळेच्या खोलीत मोठ्या माणसांना हिंदी शिकवीत होता.

"बाई, चुका थोड्याच आहेत. फिकर नका करू," तो म्हणाला. "फक्त हात जरा जल्दी चालवा."

"ते अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगायचं होतंस. मी नोकरीला लागले तेव्हा. पण तेव्हा तू जन्मलाही नव्हतास."

नंदकुमार हसला. कोकिळाबाईही हसल्या, पण त्यांचे हसू लवकर दमले. सकाळी साडेदहापासून पहिलीची एकेचाळीस पोरे सांभाळायची, घरी जाऊन चहाचा घोट घ्यायचा, आणि पुन्हा त्याच खोलीत येऊन स्वतः बाकावर बसायचे. बाक पोरांच्या मापाचे. मोठ्या माणसांचे गुडघे त्यात मावत नसत, म्हणून सगळे तिरके बसत.

वर्गात तीन ओळी होत्या. खिडकीकडची ओळ पहिल्या परीक्षेची, मधली दुसरीची, भिंतीकडची तिसरीची. तिसरीवाले कचेरीतले कारकून. ते मोठमोठ्या शब्दांचे अर्थ घोकत आणि खिडकीकडे जरा दयेने बघत. खिडकीकडे नियमित येणारे तिघेच उरले होते. कोकिळाबाई, नगरपालिकेचा शिपाई कडू, आणि दवाखान्यातली दाई मथुराबाई.

"बाई, एक सांगा मले," कडू वळून म्हणाला. तो जैनाबादहून नदी ओलांडून यायचा, त्याच्या धोतराच्या कडा कायम ओल्या असत. "आपण तं जनमभर बाजारात हिंदीच बोलतो. मंग नापास कसे काय होतो?"

"बोलून काय होते रे?" उत्तर मथुराबाईने दिले. "मी हजार बाळंतपणं बोलूनच केली. आता डॉक्टरसाहेब म्हनते, रजिस्टर में लिखो. पोर्गी झाली का पोर्गा, हे लिवल्याबिगर काय पोर्गं बाहीर येत नाही का?"

भिंतीकडचे कारकूनसुद्धा हसले. नंदकुमारने टेबलावर पट्टी आपटली, पण हळूच.

दीड वर्षापूर्वी नवे राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि सरकारी कामकाज हिंदीत आले. बुऱ्हाणपुरात त्या दिवशी केळीच्या गाड्या रोजच्यासारख्या भरल्या, चहा रोजच्यासारखा उकळला. फरक पडला तो कागदावर राबणाऱ्यांना. मराठी शाळेत वरून कागद आला: शिक्षकांनी निदान पहिली हिंदी परीक्षा पास व्हावी, दोन संधी मिळतील, जूनपासून न झालेल्यांना वर्गावर ठेवता येणार नाही. शाळेतले तरुण मास्तर पहिल्याच फटक्यात पास झाले. कोकिळाबाई ऑक्टोबरात नापास झाल्या. बाकी सगळ्यात बरे गुण होते. शुद्धलेखनात मात्र वेगळे पास व्हावे लागे, आणि तिथे तीसपैकी सात पडले.

याचे कारण त्यांना कळत होते आणि लोकांना सांगायला लाज वाटत होती. त्यांना लिहिण्याचा वेगच नव्हता. अठ्ठावीस वर्षे त्यांनी फळ्यावर अक्षर काढले होते, लिहिले नव्हते. प्रत्येक अक्षराला पोट, शेपूट, डोक्यावर सरळ रेघ. त्यांचा 'क' बघून पोरे 'क' शिकत. परीक्षक दुसऱ्या वाक्यावर जाई तेव्हा कोकिळाबाई पहिल्या वाक्याच्या डोक्यावर रेघ देत असत.

वर्ग सुटल्यावर नंदकुमारने खोलीला कुलूप लावले आणि त्यांच्याबरोबर चालू लागला.

"बाई, एक बात बोलू? मराठी पहिली जूनपासून राहील का नाही, भरवसा नाही. पण तुम्ही पास झालात ना, तर मी हेडमास्तरांना सांगून ठेवलंय. आमच्या शाळेत पहिलीला बाई पाहिजेच आहेत. पोरं तर तीच. आपल्याच गल्लीतली."

"आणि नापास झाले तर?"

नंदकुमार हातातली किल्ली चाचपू लागला. त्याचा स्वभाव खोटे बोलण्याचा नव्हता, तो कोकिळाबाईंनीच तसा केला होता.

"सुधाकरचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या. सुधाकर हा त्यांचा धाकटा भाऊ, अमळनेरला राहत असे. "म्हणतो, पुरे झालं आता, इकडे ये. भाऊ चांगला आहे रे. भावजयही वाईट नाही. पण मी तिथे जाऊन काय करू? डाळ निवडू? नवरा गेला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. तेव्हापासून मला कोणी घरात 'अगं' म्हणून हाक मारली नाही, सगळं गाव 'बाई' म्हणतं. मला वर्ग पाहिजे. हिंदी असू दे, कोणतीही असू दे. पोरं पाहिजेत समोर."

एवढे बोलल्यावर त्यांना स्वतःचेच नवल वाटले. इतके त्या कधी कोणाजवळ बोलत नसत. दमलेल्या माणसाची जीभ सैल होते, तसे झाले असावे.

त्यानंतरचे तीन आठवडे त्यांनी रोज पहाटे उठून तासभर लिहिले. शेजारची मुलगी वाचायची, कोकिळाबाई लिहायच्या. अक्षर बिघडवायला शिकणे हे अक्षर काढायला शिकण्याहून अवघड निघाले. पण हळूहळू रेघा सुटू लागल्या, पोटे चपटी झाली. शेवटच्या रविवारी पूर्ण उतारा वेळेत झाला. ते पान त्यांनी घडी करून ठेवले, कारण ते फार घाण दिसत होते आणि त्यांना फार आवडले होते.

परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, सकाळी, त्याच खोलीत झाली. पहिलीवाले एकोणीस होते. आसपासच्या गावांहून, देडतलाईपासूनही लोक आले होते. खंडव्याहून आलेले परीक्षक जाड भिंगाचा चष्मा लावून खुर्चीवर बसले. त्यांना दुपारच्या गाडीने परत जायचे होते आणि ते त्यांनी दोनदा सांगितले. नंदकुमार दारात उभा होता, कागद वाटायला आणि पाणी द्यायला. कोकिळाबाई तिसऱ्या बाकावर बसल्या. समोर त्यांचाच फळा होता.

आधीचा पेपर बरा गेला. मग शुद्धलेखन आले.

"गाँव के बाहर एक पुराना कुआँ था," परीक्षकांनी सुरुवात केली. कागद तोंडासमोर, आवाज कागदातच मुरत होता. "दोपहर में बैलगाड़ियाँ वहीं रुकती थीं और गाड़ीवान बैलों को पानी पिलाते थे।"

कोकिळाबाईंचा हात चालला होता. पहिले वाक्य झाले, दुसरे अर्धे झाले. आज होणार, असे त्यांना वाटले.

"साहब, जरा धीरे," मागून कडू म्हणाला.

परीक्षकांनी मान वर केली नाही. तिसरे वाक्य आले आणि गेले. खोलीत कुजबूज झाली. कोणीतरी "क्या बोले?" म्हणाले. कोकिळाबाईंच्या शेजारी मथुराबाईने पेन खाली ठेवले. तिचे ओठ हलत होते आणि डोळे भरले होते. दुसऱ्या वाक्याच्या मधे तिचे लिहिणे थांबले होते आणि पुढे सगळे कोरे होते. पहिलीतले पोर मागे पडले की असेच बसते. रडत नाही, विचारत नाही, नुसते थांबून जाते.

"दोपहर में," कोकिळाबाई म्हणाल्या. "दोपहर में. बैलगाड़ियाँ. बैल-गाड़ियाँ वहीं रुकती थीं. लिहिलं? और. गाड़ीवान."

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. आधी सगळ्यांनी वर बघितले आणि मग सगळे लिहू लागले. परीक्षकांनी कागद खाली घेतला. ते काही बोलणार होते. पण अठरा माणसे, ज्यांत दोघांच्या मिशा पिकलेल्या, इतकी निमूट लिहीत होती की त्यांचे तोंड उघडेच राहिले. तिसरे वाक्य त्यांनी पुन्हा वाचले आणि, का कोण जाणे, थांबले. कोकिळाबाईंनी ते तोडून तोडून दोनदा सांगितले. कधी उठल्या ते त्यांना कळले नाही. बाकांच्या मधून चालत होत्या, बोटाने बाकाच्या कडेवर ठेका देत होत्या, कडूच्या पाठीवर हात ठेवून "वाकून नको बसू" म्हणत होत्या. सकाळपासून, नव्हे वर्षभर, अंगात साचलेला शीण त्या दहा मिनिटांत कुठे गेला होता कोणास ठाऊक.

उतारा संपला. "पूर्णविराम," त्या म्हणाल्या. "पेन खाली."

सगळ्यांनी पेन खाली ठेवले.

मग त्या आपल्या बाकाशी आल्या, आणि त्यांनी आपला कागद पाहिला. त्यावर दीड ओळ होती.

नंदकुमारने ते दारातून पाहिले. तो धावतच परीक्षकांकडे गेला. "सर, ये हमारी बाई हैं. इन्होंने सबको... पूरा इनको याद है, सर. पाच मिनिट द्या. पाँच मिनट."

परीक्षकांनी घड्याळ काढले, चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता. "बैठिए बहनजी," ते म्हणाले. "लिख लीजिए. मैं रुकता हूँ."

कोकिळाबाईंनी पेन उचलले. उतारा त्यांना शब्दनशब्द आठवत होता. समोर अठरा माणसे हात बाकावर ठेवून बसली होती. मथुराबाईचे एक वाक्य अजून अर्धे राहिले होते. ते तिने तसेच सोडले होते, बाई "पेन खाली" म्हणाल्या म्हणून.

"हिलाही देणार का पाच मिनिटं?" कोकिळाबाईंनी विचारले.

"सबको कैसे दूँ?" परीक्षक म्हणाले.

"मग नको साहेब."

"बाई!" नंदकुमार जवळजवळ ओरडला.

"अरे, पेन खाली मीच म्हटलं ना? आता मी लिहायला बसले, तर ह्यांनी माझं का ऐकलं?"

आणि त्यांनी ती दीड ओळ परीक्षकांच्या हातात दिली.

रस्त्याने घरी जाताना त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. मूर्ख बाई आहोत आपण, असे त्या मोठ्याने म्हणाल्या. पाच मिनिटांत काय बिघडले असते? कोणाचे काय गेले असते? पूर्ण आयुष्य हातात दिले होते त्या माणसाने, आणि आपण शिस्त दाखवत बसलो. घरी आल्यावर त्या पदर तोंडाला लावून रडल्या. चूल पेटवली नाही. आणि रडून झाल्यावर, हे त्यांनी पुढे कोणालाच सांगितले नाही, त्यांना गाढ झोप लागली. वर्षभरात लागली नव्हती तशी.

मे महिन्यात निकाल लागला. एकोणीसपैकी सोळा पास झाले. मथुराबाई काठावर, कडू चांगल्या गुणांनी. कोकिळाबाईंच्या नावापुढे शुद्धलेखनाच्या रकान्यात चार होते. नंदकुमार आपल्या हेडमास्तरांकडे दोनदा जाऊन आला. ते हळहळले, पण कागदापुढे त्यांचेही काही चालेना.

सुधाकर मंगळवारी न्यायला येणार होता. सोमवारी दुपारी कडू घरी आला. खोलीत वळकट्या बांधून ठेवल्या होत्या, भांडी पोत्यात भरली होती, भिंतीवर तसबिरींचे चौकोन तेवढे उरले होते. त्याच्या हातात पानात बांधलेली मावा जिलबी होती. ती द्यावी की नाही, हे न ठरल्यामुळे तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"आण इकडे," कोकिळाबाई म्हणाल्या. "पास झालास आणि तोंड असं काय केलंस?"

त्यांनी एक तुकडा खाल्ला, चांगली आहे म्हणाल्या. कडूचे डोळे जमिनीवरून उठेनात.

"बाई, मले शिपायाचा दफ्तरी करू राह्यले. पन दुसरी परीक्षा द्या म्हनते," तो म्हणाला. मग काखेतून एक नवी वही आणि दुसऱ्या परीक्षेचे पुस्तक काढले. "मास्तर वाचतात, पन ते जल्दी वाचतात. तुमी तं उद्या चालल्या. आज एक पान सांगता का?"

कोकिळाबाईंनी पुस्तक घेतले. ते उजेडाकडे धरले, लांब नेले, जवळ आणले. कडूने वळकटीला पाठ टेकली नाही. तो फरशीवर मांडी घालून ताठ बसला आणि पेन उघडले. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. अजून बरेच बांधायचे राहिले होते.

"लिही," त्या म्हणाल्या. "नदी के उस पार. नदी के उस पार. खेतों में काम चल रहा था."

"बाई, जरा पुन्हा."

त्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितले, आणि त्याचे लिहून होईपर्यंत थांबल्या.