पण भिंत पडेल

मी एक जुने सहाकोनी टेबल आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. टेबलाने ऐकायचे असते. लोक माझ्यावर कोपरे टेकून बोलत आले आणि मी ऐकत आले, एवढेच माझे आयुष्य. पण एक ठपका माझ्यावर बसला आहे, आणि तो खरा की खोटा हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेले नाही. तुम्ही ठरवा.

शाळेच्या मागच्या व्हरांड्यात मोडक्या बाकांचा ढीग पडला होता. त्यातून माझा जन्म झाला. पाचवीच्या बाईंनी सुताराला बोलावून घेतले. त्याची मुलगी त्यांच्याच वर्गात होती.

"मला असं टेबल हवंय, ज्याला डोकं नसेल," बाई म्हणाल्या.

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच खोचली. "बाई, टेबलाला पाय असतात. डोकं मी बसवत नाही, तर काढू कुठून?"

"म्हणजे कुठंही बसलं तरी कुणी मुख्य दिसायला नको. सहा मुलं बसतील आणि सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसतील."

"मग फळ्याकडे कोण बघणार?"

"ज्याला गरज पडेल तो वळून बघेल."

"आमच्या घरी जेवताना अशीच सगळी समोरासमोर बसतात," सुतार म्हणाला. "म्हणून तर भांडणं होतात."

"मला थोडी भांडणंच हवी आहेत," बाई म्हणाल्या, आणि हसल्या.

सुताराने आठ दिवसांत पाच टेबले केली. मी त्यातले पहिले. कोन सहा आणि पाय चार, कारण धड लाकूड तेवढेच निघाले. माझ्या अंगावर जुन्या मुलांनी कर्कटकाने कोरलेली नावे होती. ती त्याने रंधा मारून काढली नाहीत. "असू देत, सोबत होईल," तो म्हणाला.

मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, बघायला आले. माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बाई, एक वर्ष देतो. वार्षिक परीक्षेत तुमच्या वर्गाने नाव काढलं, तर प्रत्येक वर्गात अशी टेबलं करू. नाही काढलं, तर ही मोडायची आणि पुन्हा बाकांच्या रांगा लावायच्या. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा.

मला खिडकीजवळ ठेवले. सहा मुले बसली, आणि पहिल्याच तासाला मी डगमगले. एकाची पेन्सिल घरंगळत खाली गेली. गवंड्याचा मुलगा, ज्याला सगळे ढब्बू म्हणत, त्याने मला मुद्दाम दोनदा हलवले. "ए घुमे, तुझ्या बाबांनी केलंय ना हे? लंगडं केलंय."

घुमी म्हणजे सुताराची मुलगी. ती वर्गात बोलत नसे, म्हणून तिचे नाव घुमी पडले होते. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बाबांना लंगडे म्हटल्यासारखे तिला लागले असावे. मलाही लागले. मला वाटले, खरेच असेल. आपण चुकीचेच तयार झालो असू.

बाई आल्या आणि म्हणाल्या, "कोण चुकलं ते नंतर बघू. का डगमगतंय ते शोधा. मी सांगणार नाही."

मुलांनी दोरीने माझे पाय मोजले. चारही सारखे. पुन्हा मोजले, तरी सारखे. ढब्बू म्हणाला, दोरी खोटी आहे. एक मुलगी म्हणाली, तू खोटा आहेस. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी घुमी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने बोल की गं. टेबलाला सांगतेस का?" ढब्बू म्हणाला.

"फिरवून बघू या," घुमी म्हणाली.

त्यांनी मला इंच इंच फिरवले. पाव फेरासुद्धा झाला नसेल, आणि एका जागी मी ठाम उभे राहिले. ढब्बूने जोर लावून बघितला. मी हलले नाही. पाय बरोबर होते. फरशी उंचसखल होती, आणि तिच्या त्या उंचसखलपणातच माझी एक नेमकी जागा होती. घुमीने माझ्या चारही पायांभोवती खडूने गोल काढले. झाडू मारून झाला की ती रोज सकाळी ते पुन्हा गडद करी. जन्मल्यापासून पहिल्यांदाच मला वाटले, की आपण ठीक आहोत.

ते वर्ष कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. सुखाचे वर्णन करायला मी कच्चे आहे. मुले भांडत, एकमेकांचे खोडून काढत, मग मध्येच सगळी एकदम गप्प होत आणि कुणीतरी म्हणे, "अरे, थांबा थांबा." तो 'थांबा थांबा' ऐकण्यासाठी मी दिवसभर वाट बघत असे. घुमी बोलायला लागली. फार नाही. पण ती बोलली की बाकीचे ऐकत.

परीक्षेच्या महिनाभर आधी पुस्तकात एक गणित आले. एका गवंड्याला एक भिंत बांधायला सहा दिवस लागतात, तर सहा गवंड्यांना किती दिवस लागतील? पुस्तकामागे उत्तर होते, एक दिवस.

"एका दिवसात नाही होत," ढब्बू म्हणाला. "आमचे बाबा सांगतात, ओली भिंत एका दमात चढवली तर खाली बसते. छातीएवढी झाली की थांबायचं, तिला सुकू द्यायचं."

"पुस्तकापेक्षा तुझ्या बाबांना जास्त कळतं का?" एकाने विचारले.

"भिंतीतलं कळतं."

मग त्यांनी करून बघितले. अंगणातून माती आणली, खडे आणले आणि माझ्यावर भिंत उभारली. सहा जोड्या हातांनी, एका तासात, वीतभर उंच. ती थोडी थरथरली आणि माझ्या अंगावर लोळली. घुमीची वेणी चिखलाने भरली. त्यानंतर त्यांनी दुसरी भिंत घातली, रोज चार बोटे. सहाव्या दिवशी ती उभी होती. घुमीने वहीत लिहिले, 'एक दिवस. पण भिंत पडेल.' सगळ्यांनी ते आपापल्या वहीत उतरवले, कारण ते सगळ्यांचे होते. बाईंनी फळ्यावर काहीच लिहिले नाही. त्या नुसत्या माझ्या कडेशी उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या फळ्यांच्या सांध्यात त्या चिखलाची रेघ अजून आहे.

वार्षिक परीक्षेत तेच गणित आले. आणि माझ्या सहाही मुलांनी लिहिले, 'एक दिवस. पण भिंत पडेल.'

पेपर तपासणारे बाहेरून आले होते. तपासनीस गृहस्थ सहा उत्तरपत्रिका घेऊन आमच्या वर्गात आले. मागून मोठे सर आणि बाई. कुठे बसावे ते तपासनीसांना कळेना, कारण मला डोके नव्हते. शेवटी त्यांनी एक बाजू धरली, बाकीचे त्यांच्यासमोर अवघडून बसले, आणि त्या दिवशी मला डोके फुटले.

"सहा मुलं, एकच वाक्य," तपासनीस म्हणाले. "काना-मात्रेचासुद्धा फरक नाही. असलं विचित्र उत्तर सहा जणांना आपापलं सुचतं का, बाई?"

"आपापलं सुचलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण कॉपीही नाही. मुलं परीक्षेला दोन वेगळ्या खोल्यांत होती. कोण कुणाचं बघणार?"

"म्हणजे आधीच ठरवून आली," मोठे सर म्हणाले.

मुलांना एकेक करून आत बोलावले. कुणी रडले, कुणी 'माहीत नाही' म्हणाले. ढब्बू दाराकडे बघत उभा राहिला. शेवटी घुमी आली.

"बाळ, खरं सांग. तू हे कुणाचं बघून लिहिलंस?" तपासनीसांनी विचारले.

"कुणाचं नाही."

"मग सारखं कसं आलं?"

घुमीने माझी कड धरली. तिची बोटे गार होती. तिने एकदा बाईंकडे बघितले, आणि परक्या मोठ्या माणसासमोर ती आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून बोलली. "आम्ही मिळून शोधलं."

"मिळून?" तपासनीसांनी पेन उघडले.

"हो. भिंत बांधली होती. ती पडली. मग आम्ही..."

"कुठं बांधली?"

"ह्या टेबलावर."

मोठे सर हसले. "परीक्षेत टेबल कुठून आलं गं?"

तपासनीस लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होते. "सदर उत्तर... मिळून केल्याचे... विद्यार्थिनीने स्वतः... कबूल केले."

"तिनं कबूल नाही केलं," बाई म्हणाल्या. "तिनं सांगितलं."

"बाई, कागदावर दोन्ही सारखंच दिसतं."

तो कागद माझ्यावरच ठेवून लिहिला गेला. पेनाचा दाब मला एकेका अक्षरानिशी जाणवत होता. मी काही करू शकले असते का? थोडे डगमगले असते, तर निदान एक ओळ वाकडी गेली असती. पण मी माझ्या खडूच्या गोलांत ठाम उभे होते. मुलांनीच मला तसे उभे केले होते.

सहाही मुलांना त्या पेपरात शून्य मिळाले. बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि हाताला लागलेली धूळ पदराला पुसली. व्हरांड्यात ढब्बू घुमीला म्हणाला, "तुला बोलायला कुणी सांगितलं होतं? एरवी तर तोंड शिवलेलं असतं." घुमीने उत्तर दिले नाही. मला जेवढे माहीत आहे त्याप्रमाणे, तिने त्या शाळेत पुन्हा कधीच कशाला उत्तर दिले नाही.

सुतारालाच बोलावून माझी चार भावंडे मोडली आणि त्यांचे पुन्हा बाक केले. मी तेवढे मोठ्या सरांच्या खोलीत गेले, चहा ठेवायला. तिथल्या फरशीवर मी डगमगले. चहा सांडला.

सुताराने टेप लावून माझे पाय मोजले. "सर, पाय सारखे आहेत. फरशी वरखाली आहे."

"मग काय फरशी उखडू? तो एक पाय काप थोडा."

घुमी तेव्हा वर्गाचे हजेरीपुस्तक ठेवायला आली होती. तिने करवत बघितली, मला बघितले. तिचे ओठ हलले. फक्त तीन शब्द होते, मित्रांनो. मला ते पाठ होते.

"काय गं?" सुताराने विचारले.

तिने मान हलवली, पुस्तक ठेवले आणि गेली. करवत चालली. माझा पाय बोटभर आखूड झाला. सुताराने भुसा फुंकला आणि तो कुणाकडेही न बघता निघून गेला.

त्यानंतर मी अडगळीच्या खोलीत बरीच वर्षे काढली. फाटके नकाशे, गंजलेली घंटा आणि मी. तिथे विचार करायला वेळ होता, आणि तेच वाईट होते. वाटे, हे सगळे माझ्यामुळेच झाले; माझ्यावरचा ठपका तो हाच. मी झालेच नसते तर? ती सहा मुले रांगेत बसली असती, पुस्तकामागचे उत्तर लिहून पास झाली असती. घुमी घुमीच राहिली असती, पण बोलल्याची शिक्षा तिला झाली नसती.

परवा मला बाहेर काढले. वरून आदेश आला होता म्हणे, मुलांनी गटात बसून, मिळून प्रश्न सोडवत शिकावे. मिळून! कागदावर तोच शब्द, ठळक छापलेला. नवे सर घाईत होते. मला पुसले, भोवती सहा मुले बसवली, मध्ये एक पृथ्वीगोल ठेवला. मी डगमगले आणि गोल कलंडला.

"ह्या टेबलाचा पायच खराब आहे," सर म्हणाले आणि त्यांनी तो आदेशाचाच कागद चौघडी करून माझ्या पायाखाली सारला. "हां, आता सगळे एकमेकांकडे बघा. चर्चा करताय असं दिसू दे."

एक बारकी मुलगी पायाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "सर, फिरवून बघू या का?"

"हलू नकोस. फोटो हलेल."

क्षणभर वाटले, ही घुमीची मुलगी असेल. पण मला गप्प मुली सगळ्या सारख्याच दिसतात. फोटो निघाला. मुले रांगांत परत गेली. आणि मला हायसे वाटले, हे सांगायला लाज वाटते. कारण तिने फिरवले असते आणि मी कुठेच ठाम उभे राहिले नसते. माझा पाय आता खरोखरच आखूड आहे. तिचे बरोबर असून ती चुकली असती, तीही माझ्यामुळे.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागावे असे माझ्याकडे उरलेले नाही. पण तुमच्या वर्गात एखादे टेबल डगमगले, किंवा एखादे मूल उत्तराच्या पुढे 'पण' लिहून थांबले, तर करवत लगेच आणू नका. आधी एकदा फिरवून बघा. कापल्यानंतर फिरवून काही होत नाही.