बरबटीवरचे शिपाई

नत्थूजींना शुक्रवारी धंतोलीच्या दवाखान्यातून घरी न्यायचं ठरलं. आता इथे ठेवून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, सिंधूताईंना, व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं. नत्थूजींना ते न सांगताच कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बरबटी कशी आहे वं?"

"छान आहे, बाबा."

दहा दिवस त्या फक्त आंघोळीपुरत्या घरी जात होत्या. वेलाकडे पाहिलंच नव्हतं. बरबटीचा, चवळीच्या शेंगांचा, मांडव नत्थूजींनी आजारी पडण्याआधी अंगणात घातला होता. शेजारी डीडीटीची भुकटी मारत. हे मात्र कडुनिंबाचं पाणी शिंपायचे, तेही ऊन उतरल्यावर. "दुपारी मारलं तर पान जळते," म्हणायचे.

बुधवारी संध्याकाळी सिंधूताई मांडवाखाली गेल्या. शेंडे काळ्या माव्याच्या किडीनं भरले होते, पानं हाताला चिकटत होती.

"आई, निंबाचं पाणी नाही मारलं?"

"मारलं ना, रोज. अन् तू सांगतल्या तशा आळ्याही वेचल्या." प्रयागबाई तांदूळ निवडत होत्या.

दवाखान्यात निघताना रिक्षातूनच आपण ओरडलो होतो, पानावर अळी दिसली की वेचून रॉकेलात टाक, हे सिंधूताईंना आठवलं.

"कशा होत्या?"

"काया रंगाच्या, बारीक. पाठीवर नारिंगी ठिपके. वाटीभर निंगाल्या."

सिंधूताई पायरीवर बसल्या. दर वर्षी नववीच्या फळ्यावर त्या हीच अळी काढत. अंडी, अळी, कोष, मग ठिपक्यांचा लाल गोल किडा. ही अळीच दिवसभर मावा खाते. ठिपके काढायला विसरणाऱ्या मुलीचा त्या अर्धा गुण कापत.

"तुये बाबा त्याईले शिपाई म्हणते," प्रयागबाई म्हणाल्या. "हात नाही लावू देत."

"मग वेचल्या काहून?"

"तू शिकेल आहे. मले वाटलं, नवीन काही निंगालं असन."

गुरुवारी ऊन कलल्यावर सिंधूताईंनी एकेक शेंडा रिठ्याच्या पाण्यानं धुतला. निम्मे हातातच तुटले.

शुक्रवारी नत्थूजींची खाट मांडवाखाली टाकली. त्यांनी हात वर करून एक पान उलटं केलं, बराच वेळ पाहिलं.

"शिपाई कुठं गेले?"

"उन्हानं गेले," प्रयागबाई लगेच म्हणाल्या. "औंदा लय तापलं."

सिंधूताईंनी तोंड उघडलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"येतीन," नत्थूजी म्हणाले. "मावा आहे तोवर येतीन. आता पाणी नोको मारू, सिंधू."

"नाही मारत, बाबा."

सोमवारी पहाटे ते गेले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सिंधूताई पाहुण्यांची भांडी मोजून ठेवत होत्या. अंगणातून प्रयागबाईंची हाक आली. एक पान त्यांनी दोन बोटांत अलगद, न तोडता, उलटं धरलं होतं. त्यावर नारिंगी ठिपक्यांच्या दोन-तीन बारीक काळ्या अळ्या होत्या.

"सिंधू, पाहून सांग वं. ह्या ठेवाच्या का वेचाच्या?"