यांच्या शेजारची खुर्ची

सरळच सांगते, मी जळत होते. तेही सख्ख्या धाकट्या बहिणीवर.

आमचे हे दर शनिवारी वाचनालयाच्या माडीवर सिनेमा दाखवतात. नंतर चर्चा. प्रत्येकाने उठून काहीतरी बोलायचंच, असा यांचा नियम. मी आपली डोळे पुसत "छान होता" म्हणायची. सगळे हसायचे आणि हे हळूच म्हणायचे, "अगं, रडणं म्हणजे बघणं नव्हे." चालायचं मला. यांच्या शेजारची खुर्ची माझी होती ना!

मग नोकरीच्या निमित्ताने धाकटी आमच्याकडे राहायला आली आणि माशी शिंकली. "भावजी, तो आरसा बघितलात?" "वा! नेमकं पकडलंस!" अंधारात दोघांची कुजबुज. एकदा हे मला म्हणाले, "तू जरा मागे बसतेस का? आम्हाला बोलता येईल." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेली कालपर्यंत माझे जुने फ्रॉक घालायची, आज माझी खुर्ची!

म्हटलं, थांबा, मीही दाखवते. यांच्या कपाटातली सिनेमावरची पुस्तकं आठवडाभर वाचून काढली आणि शनिवारी दातओठ खाऊन बसले. पडद्यावर म्हातारी आई मुलाची वाट बघत होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही. दाराकडे बघितलं, सावल्यांकडे बघितलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

चर्चेत उठून ठणकावलं, "आईच्या खोलीचं दार प्रत्येक प्रसंगात आधीपेक्षा कमी उघडं दिसतं. शेवटी नुसती फट उरते." मग टाळ्या. हे तर बघतच राहिले. मला आभाळ ठेंगणं झालं!

मग धाकटी उठली. तोंड उघडलं आणि हुंदकाच फुटला. "ताई, आपलीच आई वाटली गं. मला नाही बोलता येत."

मनात म्हटलं, आता ऐक यांच्याकडून, रडणं म्हणजे बघणं नव्हे. पण हे लगबगीने उठले, तिला पाणी दिलं आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात सिनेमा बघणं!"

घरी जाताना ती दोघं पुढे, मी मागे. हे वळून कौतुकाने म्हणाले, "कमाल केलीस हं आज! पुढच्या वेळी तू अगदी पहिल्या रांगेत बस, एकटी. म्हणजे तुला नीट निरीक्षण करता येईल."

भर रस्त्यात मला रडू कोसळलं.

"अगं, आता काय झालं?" हे गोंधळून म्हणाले. "सिनेमा तर कधीच संपला!"