भगवंतरावांचा वायुभारमापक

मित्रांनो, माझा सूर थोडा चिडका वाटेल. पण माझी हकिकत ऐकलीत तर तुम्हीच माझी बाजू घ्याल. मी एक जुना वायुभारमापक आहे. पितळी चौकट, काचेखाली तबकडी आणि आत हवा काढून घेतलेली पातळ डबी, एवढाच माझा देह. बाहेरच्या हवेचा भार वाढला की डबी दबते, कमी झाला की फुगते आणि तिला जोडलेला काटा सरकतो. हवेला वजन असते हे तुम्हाला शाळेत शिकवतात. मोठी माणसे ते विसरतात.

माझी पहिली वर्षे मुंबई बंदरात एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत गेली. तबकडीवर 'वादळ', 'पाऊस', 'बदल', 'उघाडी' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते आणि ते समुद्रकाठच्या हवेसाठी बेतलेले होते. देश स्वतंत्र झाला, साहेब मायदेशी गेला, त्याचे सामान लिलावात निघाले. नागपूरजवळच्या सौंसरचे कापूस पिकवणारे भगवंतराव तेव्हा मुंबईत आले होते. त्यांनी मला हौसेने घेतले आणि घरी नेऊन ओसरीच्या भिंतीवर टांगले.

घोटाळा तिथेच झाला. सौंसर समुद्राहून बरेच उंच. जितके उंच जावे तितकी डोक्यावरची हवा कमी आणि तिचा भारही कमी. त्यामुळे माझा काटा जो 'वादळा'पाशी जाऊन बसला, तो तिथेच थोडाफार मागेपुढे होत राहिला. गावाच्या उंचीप्रमाणे काटा जुळवायला माझ्या पाठीवर एक स्क्रू आहे. पण मला भिंतीवरून उतरवून पाठ बघायची कोणाला सुचेल तर ना! लख्ख उन्हात मी वादळ दाखवतो म्हणून येणारा-जाणारा मला हसायचा. पाहुणे आले की भगवंतराव मला दाखवून त्यांची करमणूक करीत. मी आतल्या आत धुमसत होतो. अरे, शब्द काय वाचता? काटा सरकतो कुठे ते बघा!

ते बघितले फक्त विजयाबाईंनी. या घरच्या सूनबाई, माहेर नागपूरचे. रोज सकाळी माझी काच पुसताना त्या काटा कालच्यापेक्षा चढला की उतरला, ते ध्यानात ठेवत. तो भराभर उतरला की आभाळ भरून येते, हे त्यांना दोन पावसाळ्यांत कळून चुकले होते. कारण साधे आहे. हवेचा भार जिथे कमी होतो तिथे चहूकडून हवा धावते, वर चढते, थंड होते. तिच्यातल्या वाफेचे ढग होतात आणि पाऊस पडतो.

मग छप्पन साल उजाडले. नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मराठी मुलखाबरोबर गेले आणि मराठी बोलणारे सौंसर मात्र मध्य प्रदेशात, भोपाळकडे राहिले. भगवंतरावांना ते फार लागले. त्यांनी नागपूरच्या रेडिओवरच राग काढला. घरात नागपूर केंद्र लावायचे नाही, असा त्यांनी दंडकच घातला.

त्याच नोव्हेंबरात वर्षभराचा कापूस अंगणात गंजी लावून पडला होता. पांढुर्ण्याच्या बाजारात जायला गाड्या मिळायच्या होत्या. एका सकाळी माझा काटा झपाट्याने उतरू लागला. शेजारच्या रेडिओवर नागपूरने विदर्भात पावसाचा इशारा दिल्याचेही विजयाबाईंनी ऐकले. त्या सासऱ्यांपुढे येऊन म्हणाल्या, "मामाजी, काटा सकाळपासून उतरून राहिला. कापूस आत घ्यायला पाहिजे."

"नऊ वर्सांपासून हे वादळच सांगून राहिलं, सूनबाई," भगवंतराव म्हणाले. "अन् नागपूरचं म्हणशील, तर त्यायनं आपल्याले सोडलं. आता त्यायचा पाऊस त्यायलेच लखलाभ."

राग समजतो हो मला. पण राज्याची हद्द बघून पाऊस थांबतो का? दुपारी धो धो कोसळला. ताडपत्री शोधेपर्यंत गंजी भिजली.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडले. माझा काटा चढला होता, पण अजून 'वादळा'च्याच घरात होता. आणि आता, मित्रांनो, भगवंतरावांचा माझ्यावर विश्वास बसला! 'वादळ' वाचून त्यांनी ओल्या कापसावर ताडपत्री घट्ट बांधून टाकली आणि तिला कोणी हात लावायचा नाही, असे बजावले. ओला कापूस झाकला की आतून तापतो, पिवळा पडतो. मी भिंतीवर तडफडत होतो.

दुपारपर्यंत कुबट वास सुटला. विजयाबाई अंगणात गेल्या आणि त्यांनी सासऱ्यांच्या देखत दोरी सोडली.

"मामाजी, काल तो उतरत होता तेव्हा तुम्ही हसले. आज चढून राहिला तर भिऊन राहिले. शब्द नका वाचू. काटा कुठून कुठं गेला ते पाहा."

भगवंतराव ओसरीवर आले. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग खाली उतरून त्यांनी ताडपत्रीचे दुसरे टोक उचलले. दोघांनी मिळून कापूस उन्हात पसरला. वरचा बराचसा वाचला. खालचा थर पिवळा पडला तो पडलाच.

मित्रांनो, तुमच्याही घरी किंवा शाळेत माझ्यासारखे एखादे यंत्र असेल. त्याला हसू नका आणि देवासारखे पूजूही नका. ते काय सांगते, तेवढे नीट समजून घ्या.

आता भगवंतराव रोज सकाळी माझ्यापुढे उभे राहतात, चष्मा लावून काटा बघतात आणि तरीही आत हाक मारतात, "सूनबाई, चढला का उतरला?" माझी चिडचिड होते. पण परवा ते लग्नाला पांढुर्ण्याला गेले, तर दिवसभर मला करमले नाही.